सामाईक खातं

असोदा, ता. जि. जळगाव
१२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

नमस्कार लिहितो. घ्यायचा की नाही ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर तू ब्लॉक करून टाकलायस हे मला तुझ्या भूमिकानं सांगितलं. भाची असली तरी पोरगी तुझीच, तिला खोटं बोलता येत नाही. म्हणून म्हटलं, पत्र टाकू. पोस्टातली बाई म्हणाली, काका, आता पत्र लिहितं कोण? मी म्हटलं, ज्याचे फोन बहीण घेत नाही तो लिहितो. ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतोय.

लिहायला कारण असं विशेष नाही. गावात शाळेत शेतकरी आयडीचं शिबिर लागलं होतं. आता हा नंबर असल्याशिवाय सन्मानचा हप्ता नाही, केळीचा विमा नाही, ठिबकचं अनुदान नाही. अख्खं गाव रांगेत. ज्यांनी वीस वर्षांत स्वतःच्या शेताचं तोंड पाहिलं नाही तेही पुण्या-सुरतेहून गाड्या घेऊन आले होते. एकानं तर मला विचारलं, हेमराजभाऊ, आमचं शेत कुठल्या रस्त्याला आहे हो?

माझ्यासोबत निंबा आला होता. तू त्याला पाहिलंयस, बारा वर्षं झाली आपल्या शेतात निम्म्या वाट्यानं केळी करतो. मशीनवरच्या बाईनं त्याला सातबारा मागितला. तो म्हणाला, "माझ्याकडे सातबारा नही ताई, मी निस्ती शेती करतो." सगळी रांग हसली. तोही हसला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

मग माझा नंबर. आधार दिलं, मोबाइलवर आलेला आकडा सांगितला. बाईनं स्क्रीन माझ्याकडे फिरवला. मोठ्या विहिरीचं शेत, चार एकर, खातेदार हेमराज जीवराम भोळे. म्हणाली, "एकटेच आहात काका. बरं आहे, कोणाच्या संमतीची कटकट नाही." मी हो म्हणालो आणि घरी आलो.

घरी म्हणजे भिंतींशी. सुनंदा नातवाच्या वेळी सव्वा महिन्यासाठी पुण्याला जितेंद्रकडे गेली, त्याला दोन वर्षं झाली. तिला तिथे करमतं असं नाही, पण तिच्यावाचून त्यांचं चालत नाही आणि माझं चालतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. मी थापतो ती भाकरी गाय हुंगते आणि मान फिरवते. दुपारी शेतात निंबासोबत बसून खातो, तेवढंच काय ते माणसात जेवण.

त्या कागदाचं म्हणशील, तर ते सगळं स्टॅम्पवाल्यानं केलं. मला त्यातलं काय कळतं? तू परत पाठवलेली साडी मिळाली. कपाटात आहे. आता झालं ते झालं, आपण दोघं म्हातारे झालो.

तुझा भाऊ,
हेमराज


असोदा
५ मार्च २०२५

अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी पोस्टमनची गाडी वाजली की मी ओट्यावर येतो. तो लांबूनच हात हलवतो. आता तर हात हलवायचंही सोडलंय, नुसती मान हलवतो.

मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोललो. स्टॅम्पवाल्यानं केलं असं लिहिलं. पत्र पेटीत टाकून घरी येईपर्यंत मला कळलं होतं की हे वाचून तू आणखी चिडशील. आता सरळ लिहितो.

आबा गेले तेव्हा वारस म्हणून आपल्या दोघांची नावं लागली. सामाईक खातं. मला ठिबकच्या अनुदानाची फाइल करायची होती. कृषी सहायक म्हणाला, बहिणीचं संमतीपत्र आणा. मी ते लिहून घ्यायला स्टॅम्पवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "आज ठिबक, उद्या विमा, परवा आणखी काही. दरवेळी सहीसाठी धुळ्याला पळाल का? एकदाच हक्कसोड करून घ्या, बठ्ठ्या बहिणी देतात, सगळ्याच." इथपर्यंत त्याचं. इथून पुढचं माझं. मी त्याला म्हणालो, करा.

तू आखाजीला आलेली होतीस. २०१८ सालची अक्षय्य तृतीया. दारातल्या कडुनिंबाच्या झाडाला झोका बांधला होता, तू साठीला टेकलेली बाई त्यावर बसून गाणं म्हणत होतीस आणि सुनंदा हसून हसून बेजार झाली होती. दुसऱ्या दिवशी मी तुला जळगावला रजिस्ट्रार ऑफिसात नेलं. फोटो काढला, अंगठा घेतला. तू मला विचारलंस, "कशाची सही शे रे, हेम्या?" मी तुला चिडवलं, धुळ्यात राहून तुझं अहिराणी शे शे सुरू झालं. तू हसलीस. मग मी म्हणालो, ठिबकची.

मला माहीत होतं अक्का, कागद कशाचा होता ते. तुला वाचता येतं. तू वाचलं नाहीस, कारण समोर कागद धरणारा मी होतो.

तिथून आपण साडीच्या दुकानात गेलो. हक्कसोड दिली की बहिणीला साडी-चोळी करायची रीत आहे, ती चुकवायची नाही असं माझ्या मनात होतं. बघ माझी अक्कल. फसवलं ते फसवलं, वर रीत पाळली. तू म्हणत होतीस, आखाजीला एवढी भारी साडी कशाला, जरा हलकी दाखवा. मी दुकानदाराला म्हणालो, हीच बांधा.

आणि पार्सलमधून साडी नुसती आली नव्हती. आत चिठ्ठी होती. 'ही हक्कसोडीची आहे. मला आखाजीची सांगितली होती.' चिठ्ठी मी सुनंदाला दाखवली नाही. ती पुण्याला गेल्यावर काढून वाचली, मग रोज वाचायला लागलो.

हेमराज


असोदा
२२ एप्रिल २०२५

अक्का,

मागच्या गुरुवारी मी धुळ्याला आलो होतो. देवपुरात तुमच्या गल्लीत शिरलो. केळी आणली होती, आपल्याच बागेतली, दोन फण्या. तुझ्या दाराशी तुझ्या चपला होत्या. टाच एका बाजूनं झिजलेली, तू लहानपणापासून तशीच चालतेस. कडी वाजवली. शेजारची बाई बाहेर आली, म्हणाली, "अक्का घर नही शे." मी चपलांकडे पाहिलं, तिनंही पाहिलं. मग म्हणाली, "आते मी काय सांगू भाऊ, तुम्हीच समजी ल्या." मी समजलो. केळी तिच्याकडे ठेवून आलो. तुला दिली का तिनं? की तिच्याच नातवंडांनी खाल्ली? खाल्ली असतील तरी चालेल.

येताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा पारोळ्यापासून रिकामी होती. मी तुला जे बोलायचं ठरवून आलो होतो ते मनात बोलत जळगावपर्यंत आलो. तेच आता लिहितो.

दाजी गेल्यावर दुकान बंद झालं. भूमिकाच्या एकटीच्या पगारात तुमचं ओढाताणीचं चाललं असेल. मला कळायला हवं होतं, मी विचारलंसुद्धा नाही. तेव्हा तुला कोणीतरी सांगितलं, माहेरच्या जमिनीवर तुमचं नाव असेल तर सन्मानचा हप्ता तुम्हालाही मिळतो. तू गट नंबर पाठ म्हणत ऑफिसात गेलीस. आबांनी आपल्याला तो पाढ्यासारखा शिकवला होता. आणि तिथे तुला परक्या माणसानं सांगितलं, आजी, तुमचं नाव नाही, तुम्ही पाच वर्षांपूर्वी हक्क सोडला. हे सगळं मला भूमिकानं फोनवर सांगितलं होतं. तेव्हा मी काय म्हणालो माहीत आहे? सगळ्याच बहिणी सोडतात, म्हणालो. मग तू माझा नंबर ब्लॉक केलास.

मी तलाठ्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, हक्कसोड रद्द करायला कोर्टात जावं लागेल, त्यापेक्षा बक्षीसपत्र करा. म्हणजे माझ्या नावच्या चार एकरातली दोन मी तुला रजिस्टर करून द्यायची. नाव बक्षीस, पण मी तुला काही बक्षीस देत नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुझं तुला परत.

जितेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, जळगाव आपल्या बांधापर्यंत आलंय. तिथे प्लॉट पडणार. आत्ता निम्मी जमीन देणार म्हणजे शुद्धीवर आहात ना?" मी म्हणालो, सात वर्षांनी आलोय. त्यानं फोन सुनंदाकडे दिला. सुनंदा म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा," आणि मग हळू आवाजात, "मी त्याच दिवशी म्हटलं होतं ना." म्हटलं होतं. मी तिला गप्प केलं होतं. आता दर रविवारी नातवाचा व्हिडिओ कॉल यायचा तो तीन रविवार आलेला नाही.

पुढच्या बुधवारी आखाजी आहे. झोका बांधायला सांगू का?

हेमराज


असोदा
२० मे २०२५

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत तुझं अक्षर बदललं नाही, अजून रेघेच्या वर चालतं. 'तारीख कळव. येईन. घरी येणार नाही.' एवढंच. पोस्टमन म्हणाला, काका, आलं बुवा एकदाचं. मी त्याला चहा पाजला. मग शेतात जाऊन निंबाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "घरी येणार नही, असं लिव्हलंय की." मी म्हटलं, अरे पण येईन लिहिलंय ना आधी. दोन वाक्यं तिच्या बाजूची आहेत, एक माझ्या बाजूचं. तो म्हणाला, कोणतं? मी कार्ड पुन्हा मोजून वाचलं.

तारीख ११ जून, बुधवार, सकाळी अकरा. आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन ये. ओळखीला दोन माणसं लागतात. निंबाला घेतलंय आणि सोसायटीचा ललित येईल.

आता एक वाईट बातमी, ती लपवत नाही. लपवायचं आता मी सोडलंय. ज्या हप्त्यासाठी तू गेली होतीस तो तुला मिळणार नाही. त्या योजनेला २०१९ च्या फेब्रुवारीआधी नाव असायला लागतं. मी तुझं नाव त्याच्या दहा महिने आधी काढलं. आता नाव परत लागलं तरी तो हप्ता गेला तो गेला. मी तलाठ्याला तीनदा विचारलं, काही वाट असेल तर बघा म्हणालो. तो म्हणाला, हयात असलेल्या भावाकडून आलेली जमीन त्यात बसत नाही, तुम्ही वारल्यावर वारसानं आली असती तर बसली असती. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. घरी येताना मात्र वाटलं, मी मेलो असतो तर तुझ्या जास्त कामाला आलो असतो.

हे लिहिलं म्हणून दया करू नकोस. मला माझ्याच बोलण्याची सवय लागलीय, कोणी अडवायला नसतं.

विमा आणि ठिबक मात्र मिळेल. तुझा शेतकरी आयडी निघेल, तुझ्या नावानं.

हेमराज


असोदा
१२ जून २०२५

अक्का,

काल समोर होतीस तेव्हा एक शब्द निघाला नाही, आणि आज पुन्हा पत्र. मी असाच आहे.

तू फार वाळलीस. केस सगळे पांढरे. मी पंख्याखालचं बाकडं धरून ठेवलं होतं, तू भूमिकाला घेऊन समोरच्या बाकड्यावर बसलीस. मी पाण्याची बाटली पाठवली, भूमिकानं घेतली, तू प्यायली नाहीस. निंबा मला म्हणाला, भाऊ, तुम्ही जरा दुसरीकडे बघा, तुम्ही त्यांच्याकडेच बघून राहिलेत.

मग तू चष्मा लावलास आणि दस्त वाचायला घेतलास. पहिल्या पानापासून, ओळीखाली बोट ठेवून. मागे रांग लागली. कोणीतरी म्हणालं, आजी, घरचाच कागद आहे, करा सही. तू मान वर केली नाहीस. मधे एका ठिकाणी थांबलीस आणि कारकुनाला विचारलंस, "ही दिशा पूर्व लिहिली ती विहिरीची बाजू का?" विहीर तुझ्या बाजूला दिलीय अक्का. ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, तू वाचून काढावंस म्हणून. तू पुढचं पान उलटलंस.

ऑफिसातला पंखा, ती रांग, कागदाचा वास, सगळं त्या दिवसासारखंच होतं. त्या दिवशी तू एका मिनिटात सही केली होतीस. काल तुला पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी उभाच होतो.

मग कारकुनानं कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि तुला विचारलं, "देणारे तुमचे कोण?"

तू म्हणालीस, "सामाईक खातेदार."

तो म्हणाला, "ते आजपासून आजी. नातं सांगा, नातं." भूमिकानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं वाट पाहिली, मग दस्तात बघून स्वतःच वाचलं, भाऊ. आणि पुढे गेला. तू नाही म्हणाली नाहीस. मी कालपासून तेवढंच धरून बसलोय. त्याला काही अर्थ नाही हेही मला कळतं.

बाहेर आल्यावर तू निंबाजवळ उभी राहून बराच वेळ बोललीस. मी टपरीवर चहा सांगितला होता, पाच. तुम्ही दोघी रिक्षात बसून निघून गेलात. चहा मी, निंबा आणि ललितनं प्यायला, दोन तसेच राहिले. निंबाला विचारलं, काय बोलली? तो म्हणाला, "शेताचं विचारत होत्या." पुढे काही सांगितलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्यापासून काही ठेवलं.

जितेंद्रचा फोन आला होता. झालं का, म्हणाला. झालं म्हटलं. बरं, म्हणाला.

हेमराज


असोदा
२७ जुलै २०२५

अक्का,

फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर तुझं नाव लागलं, बेबाबाई. प्रत सोबत जोडलीय. तलाठ्यानं शिक्का जरा तिरका मारलाय, चालतो.

मंगळवारी पोस्टमन आला आणि लांबूनच पाकीट वर धरलं. अक्षर तुझं. मी ओट्यावरून अनवाणी खाली उतरलो. हातात घेतलं तर वर नाव निंबाचं होतं. त्याच्या झोपडीला घर नंबर नाही म्हणून पत्ता माझा टाकलास. 'हेमराज भोळे यांचे घरी.' मी ते उघडलं नाही. तसंच शेतात घेऊन गेलो.

निंबाला वाचता येत नाही, तेव्हा वाचायचं माझ्याच नशिबी आलं. तुझी दोन एकर तू त्याला तीन वर्षांसाठी करारानं दिलीस, नोंदणी करायचं लिहून, म्हणजे त्याला केळीचा विमा स्वतःच्या नावानं भरता येईल. अर्जाला लागणारं तुझं संमतीपत्र आधीच सही करून जोडलंस. मी सगळं मोठ्यानं वाचलं, एक ओळ सोडली नाही. पाठीमागचं पानही उलटून पाहिलं, माझ्यासाठी काही आहे का म्हणून. नव्हतं. निंबानं कागद डोक्याला लावला आणि मला म्हणाला, "भाऊ, तुम्हाला वाईट तर नही वाटलं ना?" मी म्हणालो, वाटलं. वाटलं ते वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पण अक्का, बारा वर्षं तो आपल्या शेतात राबला आणि अनुदान मी घेत राहिलो, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की त्यावर त्याचंही नाव असायला हवं. तुझ्या ते पाऊण तासात आलं.

त्यानं तुझ्या बाजूला केळीची मृगबाग लावलीय, पावसाळी. कंद चांगले आहेत, मी बांधावरून पाहिले. माझ्या बाजूचंही तोच करतो, पण सकाळी आधी तिकडे जातो. दुपारी भाकरीही आता तिकडेच विहिरीवर बसून खातो, सावली तिकडे आहे. मला हाक मारतो, भाऊ, या जेवायला. मी माझ्या बाजूला बसूनच खातो. मधे बांध आहे, दोन हात रुंद. त्याला वाटतं मी रागावलोय.

ती बाजू तुझी आहे अक्का. तू हो म्हणालीस तर जाईन.

हेमराज